धाब्याच्या घरातले लाकूड: ते किती टिकते आणि कशाने जाते

जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या महामार्गावर दहाएक किलोमीटरवर नशिराबाद लागते. रस्त्यावरून दिसते ते काँक्रीटचे नशिराबाद. गावालगत सिमेंट दळणारा कारखानाही आहे. खानदेशातल्या अशा मोठ्या, जुन्या गावांच्या गावठाणात शिरले की बांधकामाची आधीची रीत दिसू लागते. दगडी जोते, त्यावर लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि सगळ्यांच्या वर मातीचे सपाट छप्पर, म्हणजे धाबे.

दर पावसाळ्यात यांतली काही घरे पडतात. काहींच्या दारावर धोकादायक इमारतीची नोटीस लागते. घरात भाऊबंदांचे चार हिस्से, दुरुस्तीला कोणी तयार नाही, आणि जुने सागवान विकत घेणारा व्यापारी दारात उभा, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते. निर्णय बहुतेक वेळा एका वाक्यावर होतो: लाकूड जुने झाले, आता काढायलाच हवे.

हे वाक्य तपासून पाहण्यासारखे आहे, कारण लाकूड नुसत्या वयाने संपत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताच्या कमानीला लावलेल्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. खानदेशाच्या शेजारी अजिंठ्याला ९ आणि १० क्रमांकाच्या जुन्या चैत्यगृहांतही अशा लाकडी फासळ्या होत्या. त्या आता राहिलेल्या नाहीत. नंतरच्या १९ आणि २६ क्रमांकाच्या लेण्यांत कारागिरांनी त्याच फासळ्या दगडात कोरल्या. छत डोंगराचेच असल्याने त्यांना भार पेलायचा नव्हता, पण घर म्हणजे लाकडाचा सांगाडा ही कल्पना इतकी रुळली होती की दगडातही ती आली. कार्ल्याचे लाकूड टिकले याला मोठे कारण आहे ते कोरडेपणाचे: वरून पाऊस नाही, समोरून वारा खेळता.

म्हणजे खरा प्रश्न लाकूड किती वर्षांचे आहे हा नसून ते किती काळ ओले राहिले हा आहे.

घर कोण पेलते: भिंत की खांब?

काँक्रीटच्या घरात राहिलेल्या माणसाला जुने घर पाहताना पहिली चूक होते ती इथे. भिंत जाडजूड, दीड-दोन हात रुंद, म्हणून तीच घर पेलत असणार असे वाटते. खानदेशी घरात मातीची किंवा कच्च्या विटांची ही भिंत ऊन, वारा आणि चोर बाहेर ठेवायला असते. छपराचा बराचसा भार खांब आणि तुळयांतून खाली जातो. चांगल्या बांधलेल्या घरात बाहेरच्या भिंतीतही खांब दडवलेले असतात. साध्या घरात मात्र तुळईचे एक टोक खांबावर आणि दुसरे थेट भिंतीत असते. आपले घर यांतले कोणते, हे दुरुस्तीपूर्वी कळलेच पाहिजे.

मोजमापही लाकडाचे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. पाच खणांचे घर, सात खणांचा सोपा असे म्हटले की ऐकणाऱ्याला घराचा आकार कळत असे. खण किती रुंद करायचा हे कडीच्या लांबीवर आणि तिच्या ताकदीवर ठरे. खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे हस्त बसवतात, म्हणजे खांबाच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेला आडवा तुकडा. त्यावर कोरीव काम असते म्हणून तो शोभेचा वाटतो, पण त्यामुळे तुळईचे आधाराविनाचे अंतर कमी होते आणि खांबाच्या माथ्यावर भार एका रेषेवर न येता पसरतो. खांबाच्या तळाशी दगडाचा उथळा असतो. खांब जमिनीत पुरायचा नाही, दगडावर उभा करायचा, ही एक गोष्ट पाळल्यामुळे अनेक खांब शंभर-दीडशे वर्षे तगले.

सांधे बहुधा खिळ्यांशिवाय. एका लाकडाच्या टोकाला काढलेले कुसू दुसऱ्याच्या भोकात बसते आणि लाकडी मेख ते धरून ठेवते. असा सांधा थोडा हलतो, आणि ते हलणे उपयोगाचे असते.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याचा पुरावा मिळाला. लातूर-धाराशिवकडची माळवदाची घरे खानदेशी धाब्याची जवळची भावंडे. तिथे भिंती मात्र मातीत बसवलेल्या ओबडधोबड दगडांच्या. हजारो माणसे गेली ती मुख्यतः या जड भिंतींखाली आणि छपरांच्या मातीखाली. पण जिथे आतला खांब-तुळयांचा सांगाडा शाबूत होता, तिथे भिंती ढासळूनही छप्पर वर राहिल्याची उदाहरणे पाहणी करणाऱ्या अभियंत्यांनी नोंदवली. पुढे अनेक वर्षे लोकांच्या मनात मात्र लाकूड-मातीचे घर म्हणजे मरणघर एवढेच राहिले.

कोणते लाकूड?

जुने लाकूड म्हटले की सगळे सागवान, असे गृहीत धरले जाते. खानदेशाला उत्तरेला सातपुडा आणि पश्चिमेला डांग असल्याने साग जवळ होता हे खरे. डांगचा साग इतका मोलाचा होता की इंग्रजांनी १८४२ च्या सुमारास तिथल्या भिल्ल राजांकडून ही जंगले भाडेपट्ट्याने घेतली. पण त्याच जंगलांत अंजन, धावडा, हेद, तिवस, सिसमही होते, आणि सुतार कामाप्रमाणे लाकूड निवडत. अंजन हे भारतातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांपैकी एक. वाकस त्यावर चालवणे म्हणजे हाताची परीक्षा, म्हणून कोरीव कामाला ते कोणी घेत नसे. खांबाला मात्र उत्तम. बाभळीचे लाकूड बैलगाडीच्या चाकांना आणि नांगराला जाई. आंब्याच्या फळ्या गरिबाघरी माळ्याला लागत आणि त्यांना भुंगा लवकर लागे.

सागाची कीर्ती तीन कारणांनी. त्याच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, ती वाळवी आणि बुरशी दोघांनाही नकोशी. वाळताना तो कमी आकसतो आणि कमी मुरडतो. आणि त्याच्यात ठोकलेले लोखंड सहसा गंजून लाकूड खात नाही. वजन घनमीटरला साधारण ६५० किलो. म्हणजे काँक्रीटच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास.

यात एक मेख आहे, आणि खरेदी-विक्रीत ती नेमकी विसरली जाते. हे सगळे गुण गाभ्याच्या, तपकिरी लाकडाचे. सालीलगतच्या पांढरट लाकडात ती तेलकट द्रव्ये नसतात, आणि ते आंब्याच्या लाकडाइतकेच सहज किडते. जुन्या तुळईच्या कडेला भुशासारखी पोखरण दिसते आणि घरमालक हबकतो. पटाशीने तो भाग तासून पाहिला तर बहुतेक वेळा बोटभर आत टणक गाभा लागतो: कीड पांढरे लाकूड खाऊन थांबलेली असते. अशा तुळईचा आडवा छेद थोडा कमी झाला, तुळई गेली नाही. उलट आजच्या बाजारातला कमी वयाचा, भराभर वाढवलेला साग घेतला तर त्यात पांढऱ्या लाकडाचा वाटा मोठा असतो. जुनी तुळई काढून तिच्या जागी नवी सागाची घातली म्हणजे घर मजबूत झाले, असे म्हणूनच नेहमी होत नाही.

धाबे: छप्पर की ओझे?

कड्यांवर फळ्या किंवा लाकडाचे आखूड तुकडे, त्यांना किलचे म्हणतात. त्यांवर काटक्या आणि कडुनिंबाचा पाला. त्यावर तुडवून घट्ट केलेली माती. आणि सगळ्यांत वर खारी किंवा पांढरी माती. उतार डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच, पाणी पन्हळीतून भिंतीपासून दूर पडावे इतका. नियम ‘धाब्यावर बसवणे’ या वाक्प्रचारातले धाबे हेच. हायवेवरच्या ढाब्याशी त्याचा संबंध नाही.

खाऱ्या मातीचा थर पाणी कसा अडवतो? या मातीत सोडियमचे क्षार असतात. पहिला पाऊस पडला की त्यांच्यामुळे चिकणमातीचे बारीक कण सुटे होऊन फुगतात आणि मातीतली छिद्रे बुजवतात. शेतकरी ज्या गुणामुळे अशा जमिनीला शिव्या देतो, तोच गुण छपरावर कामी येतो. पाऊस थांबला की माती वाळते, आणि आत थोडी ओल गेली असलीच तर ती वर आणि खाली दोन्हीकडून निघून जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या भागात वीतभर मातीमुळे दुपारचे ऊन खोलीत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते, हा आणखी लाभ.

दोष आहे तो वजनाचा, आणि तो दरवर्षी वाढत जातो. खारी पावसाने वाहून जाते म्हणून मृगाच्या आधी नवी टाकायची ही रीत. पूर्वी जुना सैल थर खरवडून, गटारीला गेलेले पाणी पाहून, मग नवा थर देत. पुढे मजुरी परवडेना तेव्हा नुसता नवा थर टाकणे सुरू झाले. हिशेब साधा आहे. एक इंच जाडीची माती चौरस मीटरला चाळीस किलोंहून जास्त भरते. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर तो एक इंच म्हणजे जवळजवळ चारशे किलो. दहा वर्षे असा एकेक इंच चढत गेला तर त्याच कड्यांवर चार टनांचा जादा भार येतो, आणि तोही कोरड्या मातीचा; भिजली की आणखी. पडलेल्या अनेक घरांच्या बाबतीत लाकूड कमजोर झाले असे सांगितले जाते, तेव्हा छपराच्या मातीची जाडी कोणी मोजलेली नसते.

म्हणूनच जुन्या धाब्याच्या घरासाठी करता येण्याजोगे सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक काम म्हणजे वरची जादा माती उतरवणे. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे न उतरवता दोन्ही बाजूंनी सारखी, थोडी थोडी उतरवायची आणि खाली तोवर टेकू द्यायचे. वर्षानुवर्षे दाबलेला सांगाडा एका बाजूने हलका झाला की सांधे उचलतात.

पाणी कुठून येते आणि का राहते

हवेतल्या दमटपणाप्रमाणे लाकूड पाणी घेते आणि सोडते. खानदेशी उन्हाळ्यात घरातल्या लाकडात वजनाच्या अंदाजे सहा-सात टक्के पाणी उरते, ऑगस्टमध्ये ते चौदा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. या चढउताराने लाकडाचे काही बिघडत नाही. कुजवणाऱ्या बुरशीला वीस टक्क्यांहून अधिक ओल लागते, आणि तीही सलग. नुसत्या दमट हवेने इथे तेवढी ओल येत नाही. ती येते गळतीतून, जमिनीतून चढणाऱ्या पाण्यातून किंवा मोरीतून. कोकणातल्या घरापेक्षा खानदेशातल्या घराला हा मोठा निसर्गदत्त फायदा आहे.

कुजलेली जागाही त्यामुळे ओळखीची असते. भिंतीत शिरलेले तुळईचे टोक, खांबाचा पाय, पन्हळीखालची कडी, आणि न्हाणी किंवा मोरीलगतची चौकट. बाकीची तुळई लोखंडासारखी आणि भिंतीतले वीतभर टोक चिखलासारखे, असे सर्रास आढळते. धोका तिथेच असतो, कारण ते टोक दिसत नाही.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या जागांची अवस्था बिघडली ती दुरुस्तीमुळे. गळणाऱ्या धाब्यावर सिमेंटचा कोबा करतात. लाकूड आणि माती ऋतूप्रमाणे हलतात, कोबा हलत नाही. त्याला केसासारख्या भेगा पडतात. पाणी भेगेतून आत जाते, पण आता वरून वाळायला वाट नाही. मातीचे छप्पर गळत होते तेव्हा ते गळताना दिसे आणि दुरुस्त होई. कोब्याखालची ओल वर्षानुवर्षे कळत नाही. एक दिवस कडीच येते खाली. भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की जमिनीतून चढणारी ओल आतल्या बाजूला, म्हणजे तुळईच्या टोकाकडे ढकलली जाते. घरात फरशी बसवताना जमीन चार बोटे उंच केली की उथळा फरशीखाली जातो आणि खांबाचा पाय सिमेंटात अडकतो. दगडावर कोरडा उभा असलेला खांब आता ओल धरणाऱ्या खड्ड्यात उभा असतो. वरून तेलरंग दिला तर उरलीसुरली वाटही बंद.

सिमेंट वाईट आहे असा याचा अर्थ नाही. सिमेंटचे घर सिमेंटच्या नियमांनी चालते आणि मातीचे मातीच्या. अर्धे-अर्धे केले की दोन्हींचे दोष मात्र एकत्र येतात. या तुलनेत, जुन्या धाब्याची माती हलकी करून वर पत्र्याचे उतरते छप्पर घालणे, दोन्हींमध्ये वारा खेळेल अशी जागा सोडणे आणि पत्रा वादळाने उडू नये असा बांधणे, हा उपाय दिसायला ओबडधोबड असला तरी लाकडाच्या हिताचा आहे. वारसाप्रेमींना तो आवडत नाही. घर मात्र त्याने वाचते.

चीर, बाक आणि वाळवी

घर पाहायला आलेला माणूस खांबावरची उभी चीर दाखवून मान हलवतो. ही चीर बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. लाकूड सगळ्या दिशांनी सारखे आकसत नाही. वलयांच्या रेषेने साग पाच-सहा टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मा आणि लांबीने जवळजवळ नाहीच. त्यामुळे गाभ्यासकट घडवलेला अखंड खांब वाळताना कुठेतरी उभा फाटणारच. ती चीर पहिल्या काही वर्षांत पडलेली असते, आत धूळ आणि जुना रंग साचलेला असतो. अशी चीर खांबाची ताकद फारशी कमी करत नाही. काळजी करायची ती रेषांना आडव्या जाणाऱ्या भेगेची, तुळईच्या खालच्या अंगाला मध्याजवळ पडलेल्या भेगेची आणि आत ताजे, उजळ लाकूड दिसणाऱ्या नव्या चिरेची.

बाकलेल्या तुळईचेही तसेच. लाकूड सतत भाराखाली असले की वर्षानुवर्षे हळूहळू वाकत राहते. बसवताना पडलेला बाक कालांतराने दुप्पट होऊ शकतो आणि मग बराच काळ तिथेच थांबतो. आजोबांच्या वेळेपासून वाकलेली तुळई आणि गेल्या पावसाळ्यानंतर वाकलेली तुळई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणती ते ओळखायला भिंतीवर पेन्सिलीची खूण आणि एक वर्षाचा धीर पुरतो. बाक सरळ करायला खालून जॅक लावून तुळई झटक्यात उचलणे हा मात्र तिला मोडण्याचा खात्रीचा मार्ग.

तुळईच्या उंचीला महत्त्व किती, हेही लक्षात घ्यायला हवे. उंची दुप्पट केली तर ताकद चौपट आणि ताठपणा आठपट होतो. रुंदी दुप्पट केली तर दोन्ही फक्त दुप्पट. म्हणून वरून-खालून दोन बोटे तासलेली तुळई बाजूने दोन बोटे तासलेल्या तुळईपेक्षा बरीच जास्त गमावते. वायरिंगसाठी किंवा पंख्याच्या हुकासाठी तुळईच्या खालच्या अंगाला खाचा पाडणारे हे सहसा जाणत नाहीत.

वाळवी मातीतून येते आणि परत मातीत जाते. तिला अंधार आणि ओल लागते, म्हणून ती भिंतीवर मातीच्या नळ्या बांधते. नळ्या दिसल्या तर नुसते औषध मारण्याआधी ओल कुठून मिळते ते शोधायचे. ओल बंद झाली नाही तर औषध दर दोन-चार वर्षांनी पुन्हा मारावे लागते, आणि ते घर माणसांनी राहायचे असते.

आग

लाकडी घराला सर्वांत मोठी भीती आगीची, आणि मराठी माणसाला ती शनिवारवाड्यामुळे माहीत आहे. १७३० मध्ये बांधायला घेतलेल्या या वाड्याचे सागवान जुन्नरच्या जंगलातून आले होते. फेब्रुवारी १८२८ मध्ये लागलेली आग आठवडाभर धुमसली आणि दगडी तटबंदी, जोती, कारंजी एवढेच उरले. पुण्यातच बाजीराव दुसरा याने उभारलेला विश्रामबागवाडा मात्र सुरूच्या आकाराच्या कोरीव लाकडी खांबांसह आजही पाहता येतो.

तरीही जाड लाकूड जळते ते सावकाश. वरचा थर कोळसा होतो आणि आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर इतक्याच वेगाने आग आत सरकते. वीतभर जाडीची तुळई अर्धा तास जळूनही उभी राहू शकते. जीव घेतात ते पातळ फळ्या, माळ्यावरचा कडबा, लाकडी जिना आणि जुन्या घरातले उघडे वीजवाहक तार. धाब्याच्या घरात वर मातीच असल्याने एका घराची आग शेजारच्या छपरावर सहज जात नाही, ही गवताच्या छपरांच्या तुलनेत मोठी गोष्ट होती.

तपासणी आणि दुरुस्ती

पहिली तपासणी घरच्या घरी होते. टोकदार सळई किंवा स्क्रूड्रायव्हर खांबाच्या पायाशी आणि तुळईच्या टोकाशी दाबून पाहायचा. चांगल्या सागात तो रेषभर जातो, कुजलेल्यात सहज शिरतो. हातोडीच्या दांड्याने ठोकले तर निरोगी लाकूड खणखणीत वाजते, पोकळ भाग बद्द. हजार-दोन हजारांत मिळणारे ओल मोजायचे उपकरण पावसाळ्याच्या शेवटी वापरले तर कुठे वीस टक्क्यांच्या वर जाते ते लगेच दिसते. त्यापुढचे काम संरचना अभियंत्याचे. लाकडी बांधकामाच्या आराखड्यासाठी भारतीय मानक ८८३ आहे, लाकूड वाळवण्यासाठी ११४१ आणि टिकवण्यासाठी ४०१. अडचण अशी की अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आज लाकडाला फार थोडी जागा उरली आहे, आणि काँक्रीट जाणणारा अभियंता न कळणाऱ्या सांगाड्याला ‘पाडा’ असे लिहून मोकळा होतो. जबाबदारी त्याच्यावर असते, त्यामुळे त्याला दोष देणेही सोपे नाही.

दुरुस्तीचे तत्त्व सुताराला नवीन नाही: गेलेले तेवढे काढायचे. खांबाचा पाय कुजला तर टेकू देऊन तो हातभर कापतात आणि त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा नवा पाय तिरक्या सांध्याने जोडतात. तुळईचे टोक गेले असेल तर दोन्ही बाजूंना लाकडी किंवा पोलादी पट्ट्या लावून भार पुढच्या निरोगी भागावर घेतात, किंवा भिंतीलगत नवा खांब उभा करतात. हा शेवटचा उपाय दिसायला अडाणी वाटतो, पण खणाच्या घरात एक खांब वाढल्याने काही बिघडत नाही. परत भिंतीत टोक बसवताना त्याच्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवायची, सिमेंटने घट्ट बुजवायचे नाही. जोडासाठी ओले लाकूड वापरले तर ते वाळताना सांधा उघडतो. म्हणून पाडलेल्या घराचे जुने लाकूड अशा कामाला सर्वांत चांगले. रंगाऐवजी जवसाचे तेल दिले तर लाकूड श्वास घेत राहते.

लाकूड बाजारात जाते तेव्हा

अनेक तुळयांवर आज कशाच्याही उपयोगाची नसलेली चौकोनी भोके दिसतात. कुसू नाही, मेख नाही, रिकामे भोक. ती तुळई आधी दुसऱ्या घरात होती, याची ती खूण. सांधे उकलता येतात म्हणून अशी घरे उतरवून पुन्हा उभी करता येत. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र या संग्रहालयात दक्षिण भारतातली अनेक जुनी घरे अशीच मूळ जागेवरून उतरवून, क्रमांक टाकून, पुन्हा बांधलेली आहेत. महाराष्ट्रात संरक्षित स्मारकांच्या किंवा वारसा इमारतींच्या यादीत न आलेल्या खासगी घराला कायद्याचे छत्र सहसा नसते, आणि गावातली धाब्याची घरे अशा यादीत क्वचितच येतात. त्यामुळे ती बहुधा घनफुटाच्या भावाने जातात. खांब हॉटेलच्या दर्शनी भागात, कोरीव चौकटी शहरातल्या बंगल्यांत, तुळया फळ्या होऊन फर्निचरमध्ये. विकणाऱ्याला निदान एवढे माहीत असावे की रुंद, गाठी नसलेल्या जुन्या गाभ्याची किंमत वाळवीने खाल्लेल्या कडेकडे बोट दाखवून पाडली जाते, आणि ती कड तासून टाकायचीच असते.

या व्यवहारात आणखी एक नोंद नाहीशी होते. साग हा वर्षाला एक स्पष्ट वलय धरणाऱ्या थोड्या उष्णकटिबंधीय झाडांपैकी आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी वलय रुंद, दुष्काळात अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील संशोधकांनी सागाच्या वलयांवरून जुन्या पावसाचा अभ्यास केला आहे. घरातल्या तुळईचा आडवा छेद अशा क्रमाशी जुळवला, तर ते झाड कोणत्या काळात वाढले हे सांगता येऊ शकते. आणि सालीलगतचे पांढरे लाकूड शिल्लक असेल तर ते साधारण कधी तोडले हेही. फळ्या पाडताना सर्वांत आधी तासली जाते ती नेमकी हीच बाहेरची कड.